भागीची लादी

मूळचे आम्ही इथलेच, मास्तर. आमचा आजा सांगायचा की आपण ग्रामदेवीबरोबर आलो, म्हणजे केव्हा ते कुणाला ठाऊक नाही, पण फार आधी. बंदरापासून चार कोस आत, कातळाचं पठार, म्हणजे सडा, चढून पलीकडे उतरलं की खाली वहाळाच्या कडेला बारा घरं दिसतात ती आमची वाडी. वर सगळा जांभा, त्यावर काही उगवत नाही, खाली थोडे भाताचे तुकडे, त्यात सगळ्यांचं पोट भरत नाही, म्हणून बापये मुंबईला आणि बायका घरी, असंच आमच्या बापाच्या वेळी होतं आणि माझ्या वेळीही तसंच. माझं नाव रावजी. मिसरूड फुटायच्या आधी मी आगबोटीत बसलो आणि केस पांढरे झाल्यावर कायमचा परत आलो, आणि मधल्या सगळ्या वर्षांत या घरात मी किती दिवस राहिलो ते मोजायला बसलं तर फार भरणार नाहीत.

पण तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठी नाही. आमच्या वाडीत एक म्हण आहे, तुम्हीही ऐकली असेल, तुमच्या शाळेतल्या पोरीसुद्धा म्हणतात. नवी सून कुणात मिसळेना, दार ओढून बसू लागली, शेजारणीला काही द्यायला कां-कू करू लागली, की सासू म्हणते, काय गो, भागीची लादी घातलीस काय घरात. आता म्हणणाऱ्यांना भागी कोण ते माहीत नाही. ती माझी बायको. भागीरथी. आणि त्या म्हणीत जे आहे ते खोटं आहे. ते खोटं मी सांगितलं, माझ्या तोंडानं, या स्वयंपाकघरात बसून. ती जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि अजून तिच्या नावावर ते चाललंय. मी मरायच्या आधी ते कुठं तरी लिहिलेलं असावं. म्हणून म्हटलं मास्तरांना बोलवा.

मुंबईला मी लादीच्या कारखान्यात होतो. दगडाची फरशी नव्हे, सिमिटाची रंगीत लादी, तेव्हा नवीन होती, मोठ्या घरांतून, देवळांतून बसायची. तिची रीत अशी की लोखंडी साच्यात पितळेची नक्षीची जाळी ठेवायची, जाळीच्या एकेका कप्प्यात पळीनं पातळ रंग ओतायचा, लाल असेल तिथं लाल, हिरवा असेल तिथं हिरवा, आणि मग जाळी श्वास धरून वर उचलायची. हात हलला की फूल विस्कटलं. मग वर सिमिट आणि रेती घालून दाबाखाली द्यायची आणि पाण्याच्या हौदात सोडायची. माझा हात चांगला होता. मुकादम म्हणायचा, रावजीनं जाळी उचललेली रंगाला कळत नाही. अशी किती हजार लादी माझ्या हाताखालून गेली असेल, काय सांगू तुम्हाला, पण तिच्यावर अनवाणी चालायचं माझ्या कधी नशिबी आलं नव्हतं. आम्ही गावकरी एका खोलीत बाराजण झोपायचो, वळकटीला वळकटी लावून, आणि त्या खोलीची जमीन उखडलेली होती.

इकडे घरी शेणाचं सारवण. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांचंच तसं. पण भागीला दर आठवड्याला गुडघ्यावर बसून सारवताना मी सुट्टीत बघायचो तेव्हा वाटायचं, मी लोकांच्या घरात फुलं पसरतो आणि हिच्या हाताला शेण. आम्हाला मूल झालं नाही. एक होऊन गेलं, सहा दिवसांचं, त्यानंतर नाही. सासू म्हणजे माझी आई लवकर गेली. तेव्हा वर्षातले अकरा महिने ती या घरात एकटी. एकटी म्हटलं, पण तेव्हा ती एकटी नव्हती, ते मला नंतर कळलं, कारण घरात उखळ होतं.

उखळाचं सांगायला हवं. आमच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून चार हातांवर, जमिनीत पुरलेलं काळ्या दगडाचं मोठं उखळ होतं. मुळात ते मागच्या पडवीत होतं, पण आजानं घर वाढवलं तेव्हा ती पडवी आत घेतली आणि चूल तिथं आणली, तसं उखळ स्वयंपाकघरात आलं. वाडीत बाकीच्यांची लाकडी, नाहीतर उघड्यावर. पावसाळ्यात उघड्यावर कसलं कांडताय. म्हणून पाऊस लागला की बारा घरच्या बायका दुपारी भाताच्या टोपल्या घेऊन आमच्याकडे यायच्या. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळं टाकायच्या, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली, बाकीच्या भिंतीला टेकून पाखडायच्या, आणि सगळ्या जगाच्या गोष्टी तिथं व्हायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाच्या नवऱ्याचं पत्र आलं नाही, सगळं. लग्न निघालं की मुसळांना आंब्याची पानं बांधून पाच सवाष्णी पहिली हळद कांडायला आमच्याच उखळावर यायच्या, लग्न वाडीत कुणाचंही असो. आणि त्या पाचांत भागी असायचीच, कारण उखळ तिच्या घरचं.

या बायकांत पुढारी म्हणजे जनीवहिनी. माझ्या चुलतभावाची बायको, घर लागूनच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या जिभेला सगळी वाडी भ्यायची, आणि मी तर तिचा दीर, मला तर ती सोडायचीच नाही. पण आमचं सहा दिवसांचं गेलं तेव्हा मी मुंबईत होतो आणि भागीला उठवून बसवून पेज पाजली ती जनीवहिनीनं.

तर तिसाच्या आसपासचं साल असेल. शिमग्याला आलो तेव्हा ट्रंकेत तीन लाद्या घेऊन आलो, नमुन्याला. एक साधी करडी, जरा खरखरीत. एक काळी-पांढरी चौकटीची. आणि एक फुलाची, म्हणजे पाव फूल, चार लाद्या जुळवल्या की पुरं फूल होतं, आत लाल, बाहेर हिरव्या पाकळ्या. तिन्ही स्वयंपाकघरात मांडल्या आणि म्हटलं, भागी, बोल, कुठली घालू. ती हसायलाच लागली. एवढ्यात जनीवहिनी विस्तव मागायला आली. तिनं बघितलं आणि म्हणाली, काय ओ भावजी, बायकोला राणी करायचं ठरवलंत काय. भागी खाली बसून फुलाच्या लादीवरनं बोट फिरवत होती, पाकळीच्या कडेनं कडेनं. जनीवहिनी म्हणाली, बघा, बघा, बोट कुठं गेलं तिचं, राणीला फूलच हवंय. भागी म्हणाली, बरं दिसतंय गो, बघायला काय जातंय. एवढंच. पण ते जनीवहिनीनं बघितलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढं माझं खोटं खरं वाटलं ते त्यामुळे.

जनीवहिनी गेल्यावर भागीनं काय केलं तर तिन्ही लाद्यांवर तांब्यानं पाणी ओतलं. मग त्यावर थोडी राख टाकली, पाय ओला केला आणि एकेकीवर टाच दाबून बघितलीन. फुलाच्या लादीवरनं टाच सरकली. मग तांदळाचा कोंडा टाकून हातानं गोळा करून बघितला, मग तेलाचा थेंब टाकला. मी हसत होतो. म्हटलं, अगो, लादी निवडतेस की बैल. ती म्हणाली, रोज उभं मला राहायचंय. शेवटी ती करडी खरखरीत उचललीन आणि म्हणाली, ही घाला. आणि चुलीकडे नि मोरीकडे तेवढी घाला, जिथं पाणी सांडतं तिथं. उखळाच्या अंगाला नको, तिकडं मी सारवीन. मी म्हटलं, अर्धी लादी अर्धं सारवण, लोक हसतील. ती म्हणाली, हसूदे. मुसळ चुकून बाहेर पडलं तर लादी फुटेल, मग बायका बिचकून कांडतील. आणि त्या बिचकल्या की यायच्या नाहीत. मी म्हटलं, बरं. मी बरं म्हटलं होतं, मास्तर. हे लिहा.

मुंबईला परत गेलो तर कारखान्यात एका शेठच्या दिवाणखान्याचा माल उरला होता, नेमका फुलाचाच. शेठनं वाढीव करून घेतला होता आणि मग नको म्हणाला. त्यातल्या निम्म्यांची जाळी तरी मी स्वतः उचललेली. मुकादम म्हणाला, रावजी, घरात लादी घालतोयस म्हणे, घेऊन जा, इथं पडून काय त्याला फळं येणार आहेत. खोलीत सांगितलं तर सगळे म्हणाले, नशीब काढलंस, कोकणात कुणाच्या चुलीपुढं नसेल. त्या रात्री तिची करडी लादी माझ्या डोक्यात आली नाही असं नाही. आली. पण मला वाटलं, बायकांना काय, बघितल्यावर आवडेल. आणि खरं सांगायचं तर मला माझं फूल माझ्या घरात हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्याकडे पसरलं, एकदा माझ्याकडे. यात पाप कुठून सुरू झालं ते मला अजून बोट ठेवून दाखवता येत नाही.

वैशाखात जादा रजा काढून आलो. भागी तेव्हा संगमेश्वरकडे माहेरी गेली होती, भाचीच्या लग्नाला, आठ दिवस. मला ते ठाऊक होतं, मी मुद्दामच ते आठ दिवस धरले. म्हटलं, येईल तेव्हा बघूनच चकित होईल. बोट बंदराच्या बाहेर उभी राहते, तिथून पडावात माल उतरवायचा. पडावाचा तांडेल पेट्या उचलताना म्हणाला, रावजीशेट, आत काय कबरीचे दगड आणलेत काय, माझा पडाव बुडवताय. गाडीनं सडा चढून घरी आणल्या. आणि एकट्यानं सारवण उकरलं, रेती पसरली, चुना मळला, दोरी धरली.

दोरी धरल्यावर कळलं की तिसऱ्या रांगेत, बरोबर फुलाच्या मध्यात, उखळ येतं. आता गोल भोक पाडायला गेलं की ती लादी चिरते, तसला माल तो. साधी असती तर उखळाभोवती तुकडे बसवता आले असते. किंवा तेवढा भाग सारवणाचा सोडायचा, जसं तिनं सांगितलं होतं. पण मग फुलांची रांग तुटते. मी लादीचा माणूस. रांग तुटलेली मला बघवत नाही. अर्धा दिवस त्या उखळाशेजारी बसून विड्या ओढल्या, आणि मग त्यात जांभ्याचे तुकडे भरले, वर चुना ठोकला आणि फूल पुरं केलं. मनात म्हटलं, हिच्या अंगणात दुसरं उखळ करून देऊ. बंदरावर भाताची गिरण येणार म्हणतात, मग कोण कांडतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी जनीवहिनी आली. पावसासाठीचं आधीच कांडून ठेवायला कमरेवर भाताची टोपली, मागं आणखी दोघी. दारात थांबली. लादी ओली होती, चकाकत होती. तिनं इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाली, भावजी, उखळ कुठाय, चोरीला गेलं काय. मागच्या दोघी हसल्या. मी उकिडवा बसलेला, हाताला चुना. मला सांगता आलं असतं की वहिनी, रांग तुटत होती म्हणून मी बुजवलं. पण त्या उखळावर तिच्या सासूनं, आजेसासूनं कांडलेलं. तिच्या थोरलीची हळद पुढच्या माघात तिथं कांडायची ठरलेली. माझी जीभच वळेना. आणि मग जी वळली ती अशी वळली. म्हटलं, वहिनी, भागीलाच नको झालंय. घरभर कोंडा उडतो म्हणते. मी म्हायेरी जाते तवर घालून टाका म्हणाली, म्हणजे मला कुणाला तोंडावर नाय म्हणायला नको.

एवढं सगळं कुठून आलं माझ्या तोंडात, काय सांगू. एक वाक्य बोलून थांबलो असतो तर निदान ते अर्धं राहिलं असतं. मी ते पुरं केलं, रांगेसारखं. जनीवहिनीनं टोपली एका कमरेवरनं दुसरीवर घेतली. मग म्हणाली, खरंच की, बोट फुलावरच होतं तिचं. आणि वळून दोघींना म्हणाली, चला गो, आता पाय धुवूनच यायला हवं हिच्याकडे. त्या तिघी खळ्यातनं, म्हणजे पुढच्या अंगणातनं, गेल्या. मी परत दोरी धरली.

भागी आली ती ओझं ओटीवर ठेवून थेट आत. उंबऱ्यावर थांबली. आत पाय टाकलान नाही. म्हणाली, उखळ? मी म्हटलं, आहे की, खाली आहे, कुठं जातंय. ती आत आली, जिथं उखळ होतं तिथं बसली आणि फुलावर तळवा ठेवलान, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ. मग म्हणाली, छान बसवलीत. मी ते खरं धरलं. माणूस आपल्याला हवं ते खरं धरतो. दोन दिवसांनी पावसाआधीची शेवटची बोट होती, मी तिनं गेलो. जनीवहिनीला काय सांगितलं ते तिला सांगितलं नाही. विसरलो असं नाही. म्हटलं, बायकांचं बोलणं, चार दिवसांत विरेल.

तिची पत्रं यायची ती पोस्टमन लिहायचा, ओटीवर बसून, शेजारी कुणी ना कुणी असायचंच. त्यात काय असणार. सर्व खुशाल आहे, भात लावून झालं, गाय आटली. आणि दर पत्रात शेवटी एक ओळ, लादी बरी आहे. खोलीत मी ती ओळ वाचून दाखवायचो. बघा, म्हणायचो, दर पत्रात लिहितेय. त्या ओळीशिवाय तिला काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं, हे मला त्या खोलीत बसून कळायचं नव्हतं.

पुढच्या शिमग्याला आलो. घरात शिरलो तर स्वयंपाकघरात चूल थंड. लादी लखलखीत, तोंड दिसेल अशी, आणि वर काही नाही, पाट नाही, मडकं नाही. भागीनं मागं नव्यानं चंद्रमौळी पडवी काढली होती, सारवलेली, तिथं तीन दगडांची चूल, तिथंच अंथरूण. म्हटलं, हे काय. म्हणाली, आत पाय थंड पडतात. मी रागावलो. एवढी मेहनत, एवढ्या लांबून आणलेली. तेव्हा तिनं हातातला निखारा चुलीत टाकलान आणि न रागावता सांगितलंन. म्हणाली, तुम्ही जनीबायला काय सांगितलंत ते मला विहिरीवर कळलं. तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी. सगळ्या होत्या. एकीनं घागर बाजूला घेतलीन नि म्हणाली, सरा गो, राणीबायला कोंडा लागंल. मी म्हटलं, मग तू सांगितलं नाहीस? ती म्हणाली, काय सांगू. माझा घोव खोटं बोलला म्हणून सांगू?

मग एकेक निघालं. पावसाळ्यात दुपारी कुणी यायचं बंद झालं. ती आपलं भात घेऊन दुसरीकडे कांडायला गेली तर नाही कुणी म्हणालं नाही, पण ती आली की गोष्टी थांबायच्या, नुसती मुसळं वाजायची. मग ती अंगणात एकटीच लाकडी उखळीत कांडू लागली. कुणीतरी म्हणालं, पोटी पोर नाही, लादीलाच न्हाऊमाखू घालते. आणि माघात जनीवहिनीच्या थोरलीचं लग्न झालं, हळद दुसऱ्या घरी कांडली, पाच सवाष्णी बोलावल्या त्यात भागी नव्हती. लग्नाचं बोलावणं होतं. कांडायचं नव्हतं. ती गेली, अक्षता टाकून आली. हे सांगताना तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. मला म्हणाली, तुमच्या पानात मासा वाढू?

मी तिला शब्द दिला. म्हटलं, परवा पालखी आपल्या खळ्यात येईल, सगळी वाडी असेल, देवीसमोर सांगतो. त्या दिवशी तिनं खळं असं सारवलंन की काय सांगू, आणि लग्नातलं लुगडं नेसलीन. पालखी आली, ढोल वाजले, खळ्यात टेकली, बायकांनी ओट्या भरल्या. मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, रावजी, तुझं काय असेल तर बोल. जनीवहिनी तुळशीपाशी उभी. भागी दारात. मी हात जोडले, तोंड उघडलं, आणि म्हटलं, आई, पाऊस वेळेवर दे, मुंबईकरांना सांभाळ. होय महाराजा, सगळे म्हणाले. पालखी उठली. मी मागं वळून दाराकडे बघितलं नाही.

रात्री जेवताना तिनं विषय काढला नाही. पुढच्या वर्षी मीच काढला. म्हटलं, पहार घेतो, फूल फोडतो, उखळ मोकळं करतो. ती भाकरी थापत होती, हात थांबवलान नाही. म्हणाली, उखळ उघडाल ओ. बायका कुठनं आणाल. तोवर बंदरावर गिरण सुरू झाली होती, ज्यांना जमेल त्या भात तिकडे देत होत्या. म्हणाली, राहूदे. आता तिथं कुणी आलं तरी मला बोलायचं काय ते सुचायचं नाही. तेव्हापासून आम्ही लादीवर बोललो नाही. ती मला कधी टाकून बोलली नाही, मास्तर. भांडली असती तर बरं झालं असतं.

चार-पाच वर्षांनी ती गेली. पावसाळ्यात, तापानं. बोटी बंद. मला पत्र मिळालं तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते, आणि नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या बोटीनं आलो तेव्हा या घरात कुणी नव्हतं, पडवीत बुरशी आली होती. विहिरीवर दोन दिवस दिसली नाही म्हणून जनीवहिनी बघायला आली होती. तिनंच शेवटचे आठ दिवस केलं सगळं, गू-मूत सुद्धा. तिनंच तिला न्हाऊ घातलं. मला म्हणाली, भावजी, तिच्या पोटात काय होतं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलान नाही. मी विचारलं होतं, भागी, माझ्यावर राग हाय काय गो. तर म्हणाली, तुझ्यावर कशाला. हे ऐकलं आणि तेव्हाही मी गप्प राहिलो.

सांगितलं ते फार उशिरा, मी कायमचा परत आल्यावर. जनीवहिनी तोवर वाकली होती, काठी घेऊन यायची, ओटीवर बसायची, आम्ही दोघंच उरलो होतो त्या काळचे. एकदा तिच्या नातसुनेला ती तीच म्हण म्हणाली आणि माझं मला राहवेना. सगळं सांगितलं, लादी कुणी निवडली, कोंड्याचं कोण म्हणालं. ती ऐकत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, मला कशाला सांगितलंत ओ भावजी. मी तिला हळदीला नाय बोलावली. आता मी हे कुठं ठेवू. मग म्हणाली, मी हाय तवर कुणाला सांगू नका. मला त्या बायकांच्या पोरी-सुनांत बसायचंय अजून. मी म्हटलं, नाही सांगत. आणि नाही सांगितलं. जे ओझं माझं होतं त्यातलं अर्धं मी तिच्या डोक्यावर दिलं, त्या वयात, एवढंच मी केलं. त्यानंतर ती आमच्या ओटीवर यायची कमी झाली.

गेल्या पावसात जनीवहिनी गेली. आता लपवायचं कुणासाठी काही उरलं नाही. चुलतभावाचा नातू आणि त्याची बायको शेजारी असतात, पोरगी भली आहे, माझं जेवण ताट झाकून आणून देते. मी स्वयंपाकघरात बसून जेवतो. लादी अजून तशीच आहे, एक उडाली नाही, माझं काम पक्कं होतं. नातू म्हणतो, आजोबा, ती फोडून दुसरी घालू, आता नवीन चांगल्या मिळतात. मी म्हटलं, मी गेल्यावर काय ते करा.

आता तुम्ही लिहिलंत ते एकदा वाचा, मला ऐकू दे. त्यात एवढं नीट असू दे की भागीरथीनं साधी करडी लादी निवडली होती आणि उखळ मोकळं ठेवा म्हणाली होती. फूल मी आणलं, उखळ मी बुजवलं, आणि तिच्या नावावर मी घातलं. म्हण बंद होणार नाही हे मला कळतं, तोंडात बसलेलं निघत नाही, आणि नव्या सुनांना सासवा काही ना काही म्हणणारच. फक्त एवढं करा, तुमच्या शाळेतल्या पोरी मोठ्या होतील, सासरी जातील, त्यांना सांगून ठेवा. म्हणायचीच झाली तर रावजीची लादी म्हणा. माझं नाव तिथं ठीक बसेल. तुमच्या घरी सगळ्यांची ये-जा राहो, आणि उन्हं उतरायच्या आत सडा ओलांडा.